किल्ली मागण्याआधी

गेले दोन-तीन महिने आमच्या घरी एकच विषय चघळला जातोय. मोठ्या काकांनी आता गाडी चालवणं बंद करावं का?

काका ७८ वर्षांचे आहेत. घोलवडजवळ चिकूची वाडी, घरात ते आणि काकू दोघंच. थोरला मुलगा बोरिवलीला, धाकटा कॅनडात. दारात वॅगनआर उभी असते आणि काका ती घेऊन रोज कुठे ना कुठे जातात. मी पुतण्या. म्हणजे मुलगाही नाही आणि परकाही नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोन मलाच येतात. (काकांना विचारूनच लिहितोय. म्हणाले, "लिही की. फक्त वय कमी करून लिहू नकोस.")

नातेवाइकांत सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, वय झालं, आता पुरे, काहीतरी व्हायच्या आत किल्ली काढून घ्या. दुसरा म्हणतो, पन्नास वर्षं गाडी चालवतायत, एक ओरखडा नाही, तुम्ही कोण त्यांना शिकवणारे? माझं मत या दोन्हींत बसत नाही आणि फोनवर ते धड सांगताही येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

थोडक्यात सांगायचं तर, नुसतं वय बघून किल्ली काढून घेणं मला पटत नाही. वयाकडे काणाडोळा करणं तर त्याहून पटत नाही. 'म्हाताऱ्या माणसाने गाडी चालवावी का' हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, आणि त्याने नाही चालवली तर तो कशाने जाणार, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आधी रस्त्याबद्दल, कारण या ब्लॉगचे बरेच वाचक इकडचे नाहीत. आमच्या डहाणू-तलासरी भागात दोन अगदी वेगळ्या प्रकारचे रस्ते आहेत. एक समुद्राकडचा. डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीला जाणारा. अरुंद, दोन्ही बाजूंना वाड्या, मध्येच गुरं, मध्येच शाळेची मुलं. या रस्त्यावर कुणाला पळायचंच नसतं. (शनिवार-रविवारी मुंबईहून येणारे पर्यटक सोडून!) दुसरा म्हणजे हायवे. जुना आठ नंबर, आता ४८. मुंबई-अहमदाबाद. मनोर, चारोटी, तलासरी आणि आच्छाडला गुजरातची हद्द. दिवसरात्र कंटेनर, ट्रेलर, गवताने भरलेले ट्रक, आणि त्यांच्यामधून वाट काढत जाणाऱ्या गाड्या. शिवाय कडेने चालणारी माणसं, समोरून उलट्या दिशेने येणाऱ्या मोटरसायकली, आणि जिथे तिथे कट. तिथून ओलांडायचं ते आपल्या जबाबदारीवर.

आमच्या घरातला वाद या दोन रस्त्यांना एकच रस्ता समजून चाललाय.

हायवे काय चीज आहे हे देशाला कळलं ते ४ सप्टेंबर २०२२ ला. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला परतत होते. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्याला आदळली. मागच्या सीटवरचे मिस्त्री आणि जहांगीर पंडोल दोघंही गेले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. तीन पदरांचा रस्ता तिथे पुलापाशी अरुंद होतो, त्याचीही मग खूप चर्चा झाली. चूक किती कुणाची हे ठरवणारा मी कोणी नाही. पण एक गोष्ट बघा. गाडी मर्सिडीज होती, भर दुपार होती, आणि स्टिअरिंगवर ५५ वर्षांच्या डॉक्टर होत्या. म्हणजे म्हातारपण नाही, अंधार नाही, गाडी साधी नाही. तरीही त्या रस्त्याने क्षणाची उसंत दिली नाही. मग तिथे ७८ वर्षांच्या माणसाने, जुन्या वॅगनआरमध्ये, संध्याकाळी सात वाजता जावं का? हा प्रश्न मी वयाचा अपमान करण्यासाठी विचारत नाहीये. रस्त्याची लायकी बघून विचारतोय.

आता वयाकडे येऊ. वयाने नक्की काय बिघडतं? मी वाचलेलं आणि काकांच्या शेजारी बसून पाहिलेलं, दोन्ही सांगतो.

सगळ्यात आधी डोळे. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं. दिवसा हे जाणवत नाही, कारण उजेड भरपूर असतो. रात्री जाणवतं. त्यात समोरच्या ट्रकने अप्पर लावला की डोळे दिपतात, आणि दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला म्हातारपणी जास्त वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर प्रत्येक दिव्याभोवती खळं दिसतं. चांगली गोष्ट अशी की याला उपाय आहे. अमेरिकेत अलाबामामध्ये झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या वृद्ध चालकांच्या अपघातांचं प्रमाण न करून घेतलेल्यांच्या निम्मं होतं. म्हणजे काही जणांच्या बाबतीत किल्ली काढून घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं हा खरा उपाय आहे.

दुसरं म्हणजे मान. हसू नका. मान पूर्ण वळत नसेल तर मागून डाव्या अंगाने घुसणारी मोटरसायकल दिसत नाही. आणि आपल्याकडे मोटरसायकल डाव्या अंगानेच घुसते.

तिसरं, वेळ. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात वयामुळे समजा अर्धा सेकंद जास्त लागला. ताशी ८० च्या वेगाला अर्ध्या सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते. म्हणजे तीन वॅगनआर एकामागे एक उभ्या कराव्यात एवढं अंतर. ताशी ३० ला तोच अर्धा सेकंद म्हणजे जेमतेम चार मीटर. बोर्डी रस्ता आणि हायवे यांतला फरक या दोन आकड्यांत आहे.

आणि चौथं, जे मला माहीतच नव्हतं. ओलांडताना किंवा उजवीकडे वळताना आपण समोरच्या गाडीचं अंतरही बघतो आणि वेगही. वय वाढलं की वेगाचा अंदाज कच्चा होतो आणि माणूस नुसत्या अंतरावर भिस्त ठेवतो, असं अभ्यासांत दिसून आलंय. १५० मीटरवर दोन गाड्या आहेत असं समजा. एक ट्रक, ताशी ६० ने येणारा. त्याला पोचायला नऊ सेकंद लागतील. दुसरी कार, ताशी ११० ने येणारी. तिला पाच. अंतर बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच लांब. ट्रकच्या पुढून आरामात निघून जाल. कारच्या पुढून... असो.

हे मी काकांच्या बाबतीत पाहिलंय. वापीहून काकूंना दाखवून येत होतो, दिवेलागणीची वेळ. हायवेवरच्या एका कटवर उजवीकडे वळायचं होतं. काका थांबले. खूप थांबले. मागच्याने हॉर्न मारायला सुरुवात केली. दोन चांगल्या संधी त्यांनी सोडल्या आणि तिसरीला, जी मी घेतली नसती, ती घेतली. काही झालं नाही. कंटेनरवाल्याने ब्रेक मारला, शिवी दिली, गेला. त्याच आठवड्यात सकाळी दहाला मी त्यांच्याबरोबर घोलवडहून डहाणूला गेलो होतो. काय सुरेख गाडी चालवली! प्रत्येक वळणाला हॉर्न, म्हशीला वाट, स्पीड चाळिशीच्या वर नाही, शाळेजवळ तर सायकलपेक्षा हळू. सांगायचं म्हणजे, सकाळचे काका आणि संध्याकाळचे काका हे दोन वेगळे ड्रायव्हर आहेत.

आता 'पन्नास वर्षांत एक ओरखडा नाही' म्हणणाऱ्यांना. अनुभवाला किंमत आहेच. म्हातारी माणसं पिऊन चालवत नाहीत, शर्यत लावत नाहीत, चालवताना मोबाइल बघत नाहीत, बेल्ट लावतात. पंचविशीतल्या पोराच्या मोटरसायकलवर बसायचं की काकांच्या गाडीत, असं विचारलंत तर दिवसा मी डोळे मिटून काकांकडे जाईन. पण मागच्या पन्नास वर्षांचा हिशोब हायवेच्या कडेने डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या बाईला माहीत नसतो. तिच्या दृष्टीने आजची संध्याकाळ महत्त्वाची. आपल्या माणसाचा मान राखताना तिचाही विचार करायला हवा. तिला आपल्या ग्रुपवर कुणी घेतलेलं नाही.

अमेरिकेतली आकडेवारीही असंच सांगते. जितके मैल चालवले त्या हिशोबाने जीवघेण्या अपघातांचं प्रमाण सत्तरीनंतर वर चढू लागतं आणि ८५ च्या पुढे सगळ्यात जास्त असतं. त्यातला एक भाग असा की म्हातारं शरीर नाजूक असतं. तरुण माणूस ज्या धडकेतून उठून कपडे झटकतो, तीच धडक म्हाताऱ्याच्या जिवावर बेतते.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे गाडी चालवायला वयाची वरची मर्यादा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात असं आहे: तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासमध्ये काढलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर साठीपर्यंत आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो, फॉर्म १-अ. त्यात प्रश्न चांगले आहेत. २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, चक्कर किंवा फिट येते का, ऐकू येतं का. कायद्याचं कलम १६ तर असंही म्हणतं की आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे एखादा चालवायला योग्य राहिला नाही, असं मानायला कारण असेल तर लायसन्स देणारा अधिकारी ते केव्हाही रद्द करू शकतो किंवा नवा दाखला मागू शकतो.

कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात? काकांचा मागचा दाखला मी पाहिला. कुठल्या डॉक्टरांनी दिला ते सांगत नाही, पण तपासायला फॉर्म भरण्याइतकाच वेळ लागला होता. तेव्हा ७५ चे होते, आता ऐंशीपर्यंत मोकळे. ७५ ते ८० या पाच वर्षांत माणसात काय काय बदलू शकतं, हे घरी म्हातारी माणसं असलेल्यांना सांगायला नको. लायसन्स आहे म्हणून चालवायला हरकत नाही, हा युक्तिवाद त्यामुळे माझ्यापुरता बाद.

बाहेरच्या देशांत हा वाद आपल्याआधी झालाय. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडच्या राणीचे यजमान प्रिन्स फिलिप, वय ९७, सँड्रिंगहॅमजवळ मोठ्या रस्त्याला लागताना दुसऱ्या गाडीवर धडकले. त्यांची गाडी उलटली. उन्हाने डोळे दिपले, म्हणाले. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपणहून लायसन्स परत केलं. त्याच वर्षी १९ एप्रिलला टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याच्या गाडीने ३१ वर्षांची आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी यांना चिरडलं. गाडी बिघडली होती असं तो म्हणत राहिला. कोर्टाने २०२१ मध्ये निकाल दिला की ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला होता, आणि पाच वर्षांची शिक्षा दिली. त्या घटनेने जपान हादरला. त्या एका वर्षात सुमारे सहा लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केली. पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाच्या वेळी स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी तिथे आधीपासून होतीच. २०२२ पासून, ज्यांनी ठराविक नियम मोडले आहेत अशा पंचाहत्तरीपुढच्यांना प्रत्यक्ष गाडी चालवूनही दाखवावी लागते.

इथवर वाचून पहिला तट खूष झाला असेल. बघा, आम्ही म्हणत होतो! थांबा जरा.

फिनलंडमध्ये सत्तरीनंतर लायसन्ससाठी वैद्यकीय तपासणी लागायची, शेजारच्या स्वीडनमध्ये लागत नव्हती. १९९६ साली अभ्यासकांनी दोन्ही देश ताडून पाहिले. तपासणीमुळे फिनलंडमधल्या म्हाताऱ्या चालकांचे अपघात कमी झालेले दिसले नाहीत. उलट गाडीबाहेर, म्हणजे पायी वगैरे जाताना मरणाऱ्या म्हाताऱ्यांचं प्रमाण तिथे जास्त निघालं. डेन्मार्कने सत्तरीपुढच्यांसाठी आकलनाची चाचणी आणली. २०१२ साली तिथल्या अभ्यासातही तेच आलं. गाडीतल्या म्हाताऱ्यांचे अपघात होते तसेच, आणि पायी-सायकलवर मरणारे म्हातारे वाढले. २०१७ मध्ये डेन्मार्कने वयाच्या आधारावरची सक्तीची तपासणी काढून टाकली.

याचा अर्थ काय? किल्ली काढून घेतली म्हणून माणूस घरी बसत नाही. त्याला बाजारात जायचं असतं, बँकेत जायचं असतं, मयताला जायचं असतं. तो दुसऱ्या कशाने तरी जातो. आणि ते दुसरं काहीतरी त्याच्यासाठी गाडीपेक्षा धोक्याचं असू शकतं.

डहाणू-तलासरीत ते 'दुसरं' काय आहे? स्कूटर. आमच्याच घरातली गंमत सांगतो. गाडी विका म्हणून मागे लागलेल्या एकानेही काकांच्या ॲक्टिव्हाचं नाव काढलेलं नाही. "ती काय, जवळच तर जातात!" अहो, २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती आणि जवळपास ३३ हजार पायी चालणारी. कार-टॅक्सीतली २१ हजारांच्या आसपास. आपल्याकडे दुचाकी संख्येनेच जास्त, हे मान्य. पण ७८ व्या वर्षी वाळूवरून घसरलेल्या ॲक्टिव्हावरून पडलं की खुबा मोडतो, हे कळायला आकडे लागत नाहीत. आमच्या घरापुरता माझा निकाल असा की आधी स्कूटर बंद, मग गाडीचं बोलू.

एसटी? ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, त्याखाली पासष्टपर्यंत अर्धं तिकीट. फार चांगली सोय. काका डहाणूला पुष्कळदा एसटीनेच जातात आणि ड्रायव्हरच्या मागची सीट पकडून त्याला सूचना देतात! पण रात्री एसटी नाही, आणि वाडीच्या दारात येत नाही. लोकल एप्रिल २०१३ मध्ये डहाणूरोडपर्यंत आली, घोलवडपर्यंत आली नाही. शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही आणि संध्याकाळनंतर मिळत नाही. १०८ ची ॲम्ब्युलन्स आहे, पण ती जिवावर बेतल्यावर बोलवायची. काकूंना दर महिन्याला वापीला दाखवायला न्यायचं, त्याला कोण येणार?

हेच काकांनी थोरल्याला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, आता गाडी विकून टाका." काका शांतपणे म्हणाले, "विकतो. फक्त रात्री अकराला तुझ्या आईला दम लागला तर मी कुणाला फोन करायचा, तेवढं त्या कालनिर्णयावर लिहून जा." थोरला गप्प. कॅनडाहून व्हिडिओ कॉलवर असलेला धाकटाही गप्प.

मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. पण त्यात एक गोची आहे. रात्री अकरा ही नेमकी तीच वेळ आहे, जेव्हा काकांनी गाडी चालवू नये! डोळे दिपणार, घाबरलेले असणार, शेजारी काकू धापा टाकतेय आणि समोर हायवे. म्हणजे ज्या कारणासाठी गाडी ठेवायची, त्याच कारणासाठी ती काकांच्या हातात भरवशाची नाही. त्या रात्रीची सोय दुसऱ्या कुणीतरी केली पाहिजे, आणि आधी केली पाहिजे.

या सगळ्यात एका माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. शेजारच्या सीटवर रोज कोण बसतं? काकू. मी विचारलं, "काकू, तुला भीती वाटते का?" ती म्हणाली, "दिवसा नाही रे. अंधार पडला की मी देवाचं नाव घेत बसते." "मग काकांना सांगितलं नाहीस कधी?" "त्यांना वाईट वाटेल." कुठल्याही फॉर्मपेक्षा मला या उत्तराचा भरवसा जास्त वाटतो. आपल्याकडे गाडीत शेजारी बसणारी बाई सगळं बघत असते आणि काही बोलत नाही.

तर माझं म्हणणं असं. यातलं काही काकांनी मान्य केलंय, काहीवर अजून चर्चा चालू आहे.

एक, सूर्य मावळल्यावर गाडी नाही. पावसाळ्यात तर पाच नंतरच नाही. हे काकांनी लगेच मान्य केलं. बहुतेक त्यांनाच हवं होतं, कुणीतरी म्हणायची वाट बघत होते.

दोन, हायवे नाही. वापी, चारोटी, मनोर, काहीही असो, दुसरा चालवेल, काका शेजारी बसतील. यावर थोडी कुरकुर झाली. "शेजारी बसून काय करू?" "एसटीत करता तेच करा," म्हटलं.

तीन, स्कूटर बंद. यावर मोठी कुरकुर चालू आहे.

चार, वर्षातून एकदा डोळे, आणि नवीन गोळी सुरू झाली की डॉक्टरांना एकच प्रश्न: ही घेऊन गाडी चालवू का? सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी गुंगी येते, मधुमेहाच्या काही औषधांनी साखर अचानक उतरते. हे डॉक्टरांना ठाऊक असतं, पण समोरचा ७८ वर्षांचा माणूस अजून गाडी चालवतो हे ठाऊक नसतं.

पाच, सहा महिन्यांतून एकदा घरातल्या कुणीतरी तासभर शेजारी बसायचं आणि काही न बोलता बघायचं. वळणावर आरसा बघतात का? पाय कधी चुकीच्या पेडलकडे जातो का? ओळखीच्या फाट्यावर गोंधळतात का? गाडीला नवीन खरचटलंय का, ज्याचा उल्लेख झाला नाही? आणि स्वतःला विचारायचं, यांच्याबरोबर मी माझ्या मुलीला शाळेत पाठवीन का? उत्तर द्यायला वेळ लागला तर तेच उत्तर.

आणि सहा, जे माझ्या मते पहिलं असायला हवं. मुलांनी किल्ली मागण्याआधी बदली द्यायची. गावातला एक गाडी चालवणारा मुलगा महिन्याच्या ठरावीक पैशांवर बांधून घ्यायचा, हायवेच्या आणि वापीच्या फेऱ्यांसाठी. पैसे दोन्ही मुलांनी द्यायचे, काकांनी नाही. रात्रीसाठी जवळच राहणारा एक रिक्षावाला आणि एक गाडीवाला, दोघांशी आधी बोलून ठेवायचं, आणि एकदा खरोखर रात्री अकराला फोन करून बघायचा, येतो का. नंबर कालनिर्णयावर लिहायचा. मोठ्या अक्षरात. हे झाल्याशिवाय "बाबा, गाडी विका" म्हणायचा हक्क कुणाला नाही. ना बोरिवलीहून, ना कॅनडाहून. मुंबईत बसून हे म्हणणं सोपं आहे, तिथे खाली उतरलं की रिक्षा असते.

पूर्ण बंद कधी, हे अजून ठरलेलं नाही. माझा आग्रह आहे की ते आत्ताच ठरवावं, डोकं शाबूत असताना आणि भांडण नसताना, आणि काकांनी स्वतः ठरवावं. कुणाचं ऐकाल, असं मी विचारलं. बराच वेळ विचार करून म्हणाले, "हिचं." म्हणजे काकूंचं. तेव्हा आता काकूवर जबाबदारी आली आहे की वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं नाही. ती म्हणते, बघते.

आमच्या भागातली तरुण मुलं शिकून मुंबईला, पुण्याला, बाहेरदेशी गेली आहेत, अजून जात आहेत. मागे वाड्या, मोठी घरं आणि सत्तरी ओलांडलेली दोन-दोन माणसं. दारात गाडी आहे आणि ती चालवणारा एकच, तोही म्हातारा. माझ्या ओळखीतच अशी पाच-सहा घरं आहेत. तिथे हा विषय अजून निघालेलाही नाही, कारण तो काढणं म्हणजे 'तुम्ही म्हातारे झालात' असं तोंडावर सांगणं. पण 'रात्रीची गाडी आता मी बघतो, तुम्ही दिवसाची बघा' असं म्हणता येतं. त्यात कुणाचा अपमान नाही. ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी दिवाळीला गावी गेल्यावर फराळ झाला की एकदा बाबांच्या शेजारी बसून चक्कर मारून यावी. दिवसा एक, आणि अंधार पडल्यावर एक. आणि आईलाही विचारावं.

तुमच्याकडे हा प्रश्न कसा सुटला, किंवा सुटला नाही, ते जरूर लिहा. काका वाचणार आहेत.